नागपुरात एसी खोलीचे पैसे भरले, रात्र कूलरवर काढली. परतावा मागता येतो का?

परभणीकर:
नमस्कार. वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात एका त्रुटीमुळे अडकले होते. त्यासाठी मे महिन्याच्या अखेरीस, ऐन नवतप्यात, आम्ही दोघे रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नागपूरला गेलो. रेल्वे स्थानकाच्या पूर्वेकडील भागातील एका लॉजमध्ये एका ॲपवरून दोन रात्रींसाठी एसी खोली घेतली होती आणि २,९०० रुपये आगाऊ भरले होते. काउंटरवर पोहोचल्यावर मात्र ‘एसीचे रोजचे ५०० रुपये वेगळे’ असे सांगून रिमोट हातात देण्याआधी १,००० रुपये रोख घेतले गेले. पावती मागितली तेव्हा ‘जाताना देतो’ हे उत्तर मिळाले.

पहिल्या रात्री दहाच्या सुमारास एसीतून गार हवा येणे थांबले आणि पाणी ठिबकू लागले, तेही नेमके वडिलांच्या उशीवर. तक्रार केल्यावर एका मुलाने कूलर आणून दाराजवळ ठेवला. खोलीची खिडकी उघडली, तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती. पहाटेपर्यंत चादर दमट झाली होती आणि टेबलावर ठेवलेल्या फाइलमधील सेवापुस्तकाच्या झेरॉक्स प्रती हाताला ओलसर लागत होत्या. दुसरी रात्रही तशीच गेली. निघताना पैशांचा विषय काढला, तेव्हा ‘दोन्ही रात्री राहिलात ना, मग परतावा कसला?’ असे ऐकवण्यात आले. पावती शेवटपर्यंत मिळाली नाही. राहिल्यामुळे आमचा हक्क खरोखरच जातो का?

गणेशपेठकर:
आमच्या गावी येऊन तुमच्या वडिलांना असा त्रास झाला, याचे वाईट वाटले. हक्काविषयी जाणकार सांगतीलच. मी कूलरविषयी सांगतो, कारण नागपूरकराला उन्हाळ्यात दुसरा विषय नसतो. कूलर हवा गार करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने, म्हणून त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळाली पाहिजे आणि खोलीत आलेल्या हवेला दुसरीकडून बाहेर जायला वाट पाहिजे. त्यामुळेच आमच्याकडे कूलर खिडकीबाहेर स्टँडवर बसवतात आणि समोरचे दार किंचित उघडे ठेवतात. तशी सोय असेल, तर पंचेचाळीस अंशांतही कूलर उत्तम चालतो आणि अनेक घरांत आजही एसीपेक्षा तोच बरा मानला जातो. बंद खोलीच्या आत ठेवलेला कूलर मात्र तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. तुमचे कागद ओलसर झाले ते त्यामुळेच. थोडक्यात, तुम्हाला मिळाला तो एसीला पर्याय नव्हताच. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा तरी बदलले जात होते का, हे विचारण्यात अर्थ नाही. डासांनी उत्तर दिले असेलच.

जुना मॅनेजर:
मी सीताबर्डीच्या बाजूला बरीच वर्षे लॉज सांभाळला आहे, म्हणून काउंटरच्या आतली बाजू सांगतो. ती समर्थन म्हणून वाचू नये. ॲपवरून आलेल्या बुकिंगमधून कमिशन कापले जाते, त्यामुळे काही लॉजवाले रस्त्याकडच्या हवेशीर खोल्या समोर येऊन रोख देणाऱ्यासाठी राखतात आणि ॲपच्या ग्राहकाला मागची, भिंतीला लागलेली खोली देतात. ॲपवरची छायाचित्रे बहुधा नव्याने रंगवलेल्या एखाद्याच खोलीची असतात. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असताना किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोक येतात तेव्हा खोली बदलून देणे खरोखर अवघड असते. मे महिन्यात, लग्नतिथीचे दिवस सोडले तर, असे कारण सहसा पटत नाही. तुमचेही एक चुकले, रागावू नका: दुसऱ्या दिवशी सकाळीच खोली बदलून मागायची होती आणि ती मागणी ॲपच्या चॅटवर लेखी ठेवायची होती. तोंडी तक्रारीची आठवण काउंटरला पाळी बदलेपर्यंतच राहते.

वकिली चष्मा:
‘राहिलात म्हणजे हक्क गेला’ हे कायद्यात कुठेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार कबूल केलेल्या दर्जाची सेवा न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते. वृद्ध वडिलांना घेऊन रात्री दहा वाजता दुसरी खोली शोधत फिरला नाहीत, याचा अर्थ ती सेवा मान्य केलीत असा होत नाही. एसीसह खोली म्हणून बुकिंग घेऊन नंतर काउंटरवर एसीचे वेगळे पैसे लावणे, हा प्रकार २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक (म्हणजे ऑनलाइन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांतील ‘ड्रिप प्रायसिंग’च्या, म्हणजे किमतीचा काही भाग मागाहून उघड करण्याच्या, जवळ जातो. पण त्यासाठी बुकिंगच्या पुष्टीपत्रावर ‘एसी’ हा शब्द आहे का, ते आधी पाहा.

पहिली तक्रार ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण देणे अपेक्षित आहे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ते न्यायालय नव्हे, पण मध्यस्थीने बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. त्यातूनही जमले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते आणि त्यासाठी नागपूरला खेपा घालण्याची गरज नाही, कारण तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. रोख दिलेल्या १,००० रुपयांची पावती नाही, ही तुमची दुबळी बाजू आहे. त्या दिवशी कोणाला एखादा संदेश पाठवला असेल, तर तो जपून ठेवा.

परभणीकर:
सर्वांचे आभार. पुष्टीपत्र उघडून पाहिले. त्यावर ‘डिलक्स एसी, दोन व्यक्ती’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. रोख पैशांबद्दल त्याच दुपारी मी बहिणीला ‘एसीचे हजार वेगळे घेतले’ असा व्हॉट्सॲप केला होता आणि रात्री वडिलांनी ठिबकत्या एसीखाली ठेवलेल्या बादलीचे छायाचित्रही तिलाच पाठवले होते, हे मला आज कळले. मॅनेजरसाहेब, चुकले हे मान्य आहे. ॲपच्या अधिकाऱ्याकडे काल रात्री तक्रार पाठवली असून त्यात फक्त एसीचे १,००० आणि एका रात्रीचे भाडे मागितले आहे. वडिलांचे प्रकरण अजून सुटलेले नसल्यामुळे पुढच्या महिन्यात पुन्हा यावे लागेल. महालेखापाल कार्यालय सिव्हिल लाइन्सला आहे. तिथे जाणे सोपे पडेल, अशा भागात कुठे उतरावे?

गणेशपेठकर:
सीताबर्डीच्या बाजूला उतरा. तिथून सिव्हिल लाइन्स ऑटोने जवळ आहे. लॉजचे नाव मी सांगत नाही, पण पैसे भरण्याआधी थेट फोन करून दोनच गोष्टी विचारा: खोलीची खिडकी कोणत्या बाजूला उघडते आणि एसीचे पैसे भाड्यात धरले आहेत का. पुढच्या महिन्यात पाऊस सुरू झालेला असेल, तेव्हा कोणी कूलरची खोली स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका.