जिंजा टेम्प्लेट: यादीतल्या यादीला सलग अनुक्रमांक कसा द्यावा? (मदत हवी आहे)

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची छापायला द्यायची आहे. पायथन, फ्लास्क (पायथनची वेब चौकट) आणि जिंजा (साच्यात माहिती भरून पान बनवणारं साधन) वापरतोय. माहिती तीन थरांची: विषय, त्यात लेखक, त्यात पुस्तकं. एकात एक तीन फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी तेच काम पुन्हा करणारी रचना) लावले, नावं नीट उमटतात. अडलंय ते अ. क्र. पाशी.

'लूप.इंडेक्स' (लूपची कितवी फेरी ते सांगणारा आकडा) घेतला तर लेखक बदलला की मोजणी पुन्हा १ पासून. म्हणून सगळ्या लूपच्या बाहेर 'सेट क्र = ०' आणि सर्वांत आत 'सेट क्र = क्र + १' केलं. आता पानभर प्रत्येक पुस्तकापुढे १ येतोय! जँगोमध्ये (पायथनची दुसरी वेब चौकट) बाहेरच्या लूपपर्यंत पोचायला 'पॅरेंटलूप' होता, इथे तोही सापडत नाही. वाचक चिठ्ठीवर हाच क्रमांक लिहून पुस्तक मागतात, त्यामुळे तो सलगच हवा. दोन रात्री यात गेल्या, कृपया कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १:
तुमची बेरीज बरोबर आहे. जिंजात लूपच्या आत सेट केलेलं नाव त्या फेरीपुरतंच टिकतं. पुढच्या फेरीला बाहेरचा ० पुन्हा समोर येतो, म्हणून दर वेळी १. यासाठी जिंजाच्या २.१० आवृत्तीपासून नेमस्पेस आहे, त्यात ठेवलेली किंमत लूपच्या आत बदलली तरी टिकते. लूपबाहेर 'सेट मोज = नेमस्पेस(क्र=०)', आत 'सेट मोज.क्र = मोज.क्र + १', आणि छापताना 'मोज.क्र'. बाहेरच्या लूपचा क्रमांक हवा असेल तर त्यात शिरल्याबरोबर 'सेट बाहेरचा = लूप' लिहा, आत 'बाहेरचा.इंडेक्स' मिळेल.

पण क्रमांक चिठ्ठीवर जाणार असेल तर तो टेम्प्लेटात मोजूच नका. उद्या फक्त चरित्रांची वेगळी यादी काढलीत, तर त्याच पुस्तकाला दुसराच क्रमांक पडेल. पायथनमध्ये एकदाच द्या आणि पुस्तकाच्या नोंदीत साठवा.

धागाकर्ता:
नेमस्पेसने लगेच जमलं, मनापासून आभार! चिठ्ठीचा मुद्दाही पटला, क्रमांक नोंदीतच घालतो. एकच राहिलं: इतिहासात उपविषय आहेत, काहींत आणखी उपविषय. किती खोल जाईल ते ठरलेलं नाही. लूप किती लिहू?

प्रतिसाद १:
एकच. फॉरच्या ओळीत शेवटी 'रिकर्सिव्ह' लिहा आणि आत जिथे उपविषय छापायचे तिथे 'लूप(विषय.उपविषय)' असं बोलवा. तोच लूप स्वतःला हाक मारत खाली उतरतो. 'लूप.डेप्थ' १ पासून खोली सांगतो, त्यावरून समास आत घ्या. उपविषय नसतील तिथे रिकामी यादी ठेवा, किंवा बोलवण्याआधी 'इफ'ची अट लावा.