बारा लाख भरून चिकनच्या कारखान्यात अमेरिकेला: भाच्याला पाठवावं का?

उमरेडरोडवाला:
राजेहो, जरा सल्ला द्या. भाचा ३१ वर्षांचा, बारावी झालेला, बुटीबोरीत ठेकेदाराकडे पॅकिंगला आहे. बारा तासांची पाळी, हातात सोळा हजार, आणि दर अकरा महिन्यांनी नवा कागद, म्हणजे परमनंटचा विषयच नाही. घरी बायको आणि सहा वर्षांची पोरगी. नागपुरात बर्डीवरच्या एका एजंटानं सांगितलं, अमेरिकेत चिकनच्या कारखान्यात काम आहे, मालकच स्पॉन्सर करतो, अनुभव नको, विमानातून उतरला की ग्रीन कार्ड, बायकोपोरीसकट. दोन वर्षांत काम होतं म्हणे. खर्च बारा लाख. ताई उमरेड रोडचा प्लॉट काढायला निघाली आहे.
माझं मत विचाराल तर जाऊ द्यावं. इथं राहून त्याचं काय भलं होऊन राहिलं?

प्रतापनगरची काकू:
प्लॉट विकून कोंबड्या कापायला जायचं? त्या बारा लाखांत इथंच दुकान टाकून दे. चार जणांना काय सांगाल, पोरगा काय करतो तिकडं?

खामल्याचा भाऊ:
काकू, हेच मला पटत नाही. इंजिनिअर पोरगा गेला की तुम्हीच पेढे वाटता. बारावीवाला निघाला की चार जण आठवतात. तोही कष्टच करायला चालला ना? आणि हे डंकी, म्हणजे चोरून सीमा ओलांडणं, नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ जण अमृतसरला उतरवले, ते चोरवाटेनं गेलेले होते. इथं रीतसर व्हिसा आहे. मी उमरेडरोडवाल्यांच्या बाजूनं.

न्यूजर्सीत हिंगणेकर:
योजना खरी आहे, आधी ते सांगतो. ईबी-३ म्हणतात, नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड देणारा एक प्रकार. त्यात दोन वर्षांपेक्षा कमी प्रशिक्षण लागणाऱ्या कामांसाठी ‘अदर वर्कर्स’ असा वेगळा गट आहे. मालकानं आधी तिथल्या श्रमखात्याकडून प्रमाणपत्र काढायचं, की जाहिरात देऊनही या कामाला स्थानिक माणूस मिळाला नाही. मग मालकानं कामगाराच्या नावानं सरकारकडे आय-१४० नावाचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की नंबर येईपर्यंत थांबायचं, आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. चिकन कारखाने, साफसफाई, हॉटेलातली कामं, असे लोक यातून खरंच येतात.
पण भाचा जन्मला कुठं? नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलात ना? मग रांग भारताची. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच व्हिसा जातात आणि त्यात पासपोर्ट नाही, जन्माचं ठिकाण बघतात. २०२५ मध्ये या रांगेत भारताची तारीख २०१३ पर्यंत आली होती. म्हणजे ज्यांचे कागद २०१३ मध्ये लागले त्यांचा नंबर. मी एम.टेक. करून याच ईबी-३ मध्ये उभा आहे, माझी तारीख २०१४ ची. एजंट तुमच्या भाच्याला दोन वर्षांत कसा आणतो, मलाही सांगा. मीही त्याच्याकडे येतो.

खामल्याचा भाऊ:
मग लागू द्या ना नंबर. भाऊ, तुम्ही तिथं बसून आम्हाला थांबा म्हणता. तो बुटीबोरीत काम करत करत वाट पाहील. आज नाव नाही लावलं तर बारा वर्षांनीही नुसती बारा वर्षंच गेलेली असतील.

न्यूजर्सीत हिंगणेकर:
नाव लावायला माझी ना नाही. पोरीचं वय मोजा. आज सहा. अविवाहित आणि एकवीसच्या आतली असेल तरच ती आईबापासोबत येते. आय-१४० जितके दिवस निर्णयाविना पडून होता तितके दिवस वयातून वजा होतात, बाकी रांगेतली वर्षं नाही. पंधरा-सोळा वर्षं लागली तर पोरगी नागपुरात आणि आईबाप तिकडं. आणि तोवर त्या मालकाला तोच माणूस हवा असला पाहिजे, कारखानाही चालू राहिला पाहिजे. मधेच बंद पडला तर आय-१४० मंजूर असल्यास तारीख सहसा टिकते, पण नवा मालक शोधून प्रमाणपत्रापासून परत सुरुवात.

सावजीप्रेमी:
पैशाचं कोणीच बोलून नाही राहिलं. श्रमखात्याच्या त्या प्रमाणपत्राचा खर्च, वकील आणि जाहिरात धरून, मालकानंच करायचा असा तिथला नियम आहे, २००७ पासून. कामगाराकडून तो वसूलही करता येत नाही. आणि आपल्याकडे परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्यानं नोंदणी सक्तीची आहे, फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. १८ टक्के धरून ३५,४०० होतात. बारा लाखांतले बाकीचे कशाचे?
माझ्या मावसभावाचे पैसे आखातात असेच अडकले होते. त्यानं नोंदणी क्रमांक विचारलाच नव्हता. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट साइटवर एजंटाचं नाव टाकून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

प्रतापनगरची काकू:
पाहा. मी दुकान टाक म्हटलं तर मागासलेली ठरली.

खामल्याचा भाऊ:
काकू, दुकानाचं मला अजूनही पटत नाही, बारा लाखांत बर्डीवर डिपॉझिटही होत नाही. पण फीचं ऐकून मी मागे सरकतो. जाऊ द्या हे मत कायम, बारा लाख देऊन नाही. ज्याला माणूस पाहिजे त्यानं खर्च करावा. नाहीतर भाषा शिकून जर्मनीचं बघा. २०२४ मध्ये राज्य सरकारनं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला आहे, पण त्यांना कुशल माणूस लागतो. आयटीआय करायला एकतीस म्हणजे काही म्हातारा नाही.

उमरेडरोडवाला:
बारा तासांच्या पाळीनंतर आयटीआय आणि जर्मन दोन्ही, भाऊ? बोलणं सोपं आहे.
बरं, आज एजंटाला फोन लावला. म्हटलं, भाच्याचा जन्म भारतातला, दोन वर्षांत नंबर कसा लागते? म्हणे, आमची वर ओळख आहे. नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणाला, ऑफिसात या. इतके दिवस मीच ताईला हो म्हणून राहिलो होतो, आता तिला काय सांगू? प्लॉटचा व्यवहार थांबवायला सांगितलं आहे, पण ती रुसली. वरून भाच्यानं मला न विचारता पन्नास हजार टोकन दिलं आहे.

सावजीप्रेमी:
पावती आहे का? त्यावर काय लिहिलं आहे?

उमरेडरोडवाला:
आहे. ‘करिअर समुपदेशन शुल्क, परतावा नाही.’ अमेरिकेचं नावच नाही त्यात.