आउलफ्लाय आता अँटलायनच्याच कुलात का?

कुळागरकार: गोव्यात सत्तरीतल्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) दिव्यावर आलेला आउलफ्लायचा (जाळीदार पंखांचा, चतुरासारखा दिसणारा कीटक) नमुना आहे. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) लांब, टोकाला गाठ. जुन्या तक्त्यानुसार कुल अ‍ॅस्कालाफिडी, नव्या याद्यांत मात्र मिर्मेलिऑन्टिडी, म्हणजे अँटलायनचं (मुंग्या धरणाऱ्या अळीच्या कीटकाचं) कुल. लेबलावर काय लिहायचं? पायाचा सीओआय बारकोड (जात ओळखायला वापरतात तो जनुकाचा तुकडा) काढला तर नातं कळेल का?

पंखशिरा: २०१९ साली शेकडो जनुकतुकडे वापरून केलेल्या वंशवृक्षात आउलफ्लाय अँटलायनच्या झाडातच फुटलेली फांदी निघाली. ठिपकेदार पंखांचे मोठे पाल्पारेस दिसायला पक्के अँटलायन, पण ते खड्डा करणाऱ्या मिर्मेलिऑनपेक्षा आउलफ्लायना जवळचे. त्यामुळे अ‍ॅस्कालाफिडी वेगळं ठेवायचं तर पाल्पारेसचंही कुल वेगळं काढावं लागतं. काही जण तसं करतातही. भांडण बरंचसं पाटीवरून आहे. तुम्ही उपकुल अ‍ॅस्कालाफिनी लिहा, जुनं कुल शेऱ्यात टाका.

फक्त शृंगिकेवर विसंबू नका. पुढच्या पंखाच्या टोकाकडे जो गडद ठिपका असतो, त्याच्याखालचा शिरांमधला कप्पा भिंगातून बघा: आउलफ्लायमध्ये आखूड, अँटलायनमध्ये लांबुळका. डोळा आडवा दुभंगलेला नसला तरी आउलफ्लाय असू शकतो.

राळ_आणि_रेणू: बारकोड म्हणजे डीएनएच्या ६५८ अक्षरांचा एकच तुकडा. जात ओळखायला चांगला, पण तो इतका भराभर बदलतो की जुन्या फांद्यांच्या खुणा पुसल्या जातात. डेटाबेसमधली सर्वांत जवळची जुळणी म्हणजे जवळचा नातेवाईक, असं मुळीच धरू नका.

पाय त्याच दिवशी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून उणे २० अंशांवर ठेवा. फॉर्मेलिन नको, डीएनएचे तुकडे होतात. उरलेला कीटक पंख पसरून टाचणीवर. आपल्याकडच्या पावसात बंद पेटीतही बुरशी धरते, सिलिका जेल बदलत राहा.

कुळागरकार: बाल्कावाखालच्या (घरापुढच्या ओसरीखालच्या) धुळीत शंकूसारखे खड्डे आहेत. त्यातली अळी याचीच का?

पंखशिरा: नाही, ती अँटलायनची. आउलफ्लायची अळी खड्डा करत नाही. पालापाचोळ्यात किंवा सालीवर जबडे सताड उघडे ठेवून पडून राहते, अंगाच्या कडेला बोटांसारखे फाटे असतात. बहुतेक अँटलायनही खड्डे खणत नाहीत, म्हणून खड्ड्यावरून कुल ठरत नाही. पाळायची तर एका डबीत एकच, दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते. वाळवी घाला. कोष विणू लागली की उकरू नका.

कुळागरकार: आणि मावा खाणारी क्रायसोपर्ला (हिरवा जाळीपंखी कीटक), ती यांचीच नातलग का?

राळ_आणि_रेणू: गण तोच, जाळीपंखींचा. कुल क्रायसोपिडी, फांदी बरीच लांबची. अळीचे पोकळ, रस शोषणारे जबडे मात्र दोघांचे सारखेच.