सांदे दीक्षेतला काळा मुखवटा बायका घालतात?

प्रश्न: संग्रहालयात पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या मेंडे लोकांचा काळा, तुकतुकीत लाकडी मुखवटा पाहिला आणि काचेसमोरून पाय निघेना. पाटीवर होतं, हा बायका घालून नाचतात. तिकडे मुखवटे पुरुषांचेच, असं मी समजत होते. मग हा कसा?

उत्तर: बरोबर वाचलंत, हा अपवादच. मुलींना प्रौढत्वाची दीक्षा देणाऱ्या सांदे या स्त्रियांच्या संस्थेचा हा सोवेई मुखवटा. कोरतात पुरुष, घालतात ज्येष्ठ स्त्रिया. शिरस्त्राणासारखा डोक्यावर बसतो, खाली राफिया या ताडाच्या काळ्या धाग्यांच्या झिरमिळ्या. रुंद कपाळ, कोरीव केशरचना, मिटलेलं इवलंसं तोंड, म्हणजे बोलण्यावर ताबा. मानेच्या वळ्या काहींना सुदृढपणा वाटतात, काहींना पाण्यातून वर येणाऱ्या आत्म्याभोवतीचे तरंग.

प्रश्नकर्ती: तरंग! मी त्यांना दागिने समजले होते.

आणखी एक: याच दीक्षेत मुलींचं जननांग छाटण्याची प्रथाही आहे. मुखवट्याचं कौतुक करताना ते गाळू नका, कळकळीने सांगते.

आणखी एक: सेनेगल-गांबियातल्या मांडिंका लोकांचा कांकुरांग हा मुखवटाधारीही बघा. झाडाच्या तांबूस सालीने सर्वांग झाकलेला, सुंता झालेल्या मुलांचा राखणदार. युनेस्कोने 2005 मध्ये त्याची दखल घेतली.