निसर्ग, तौक्ते, महापूर... नंतरचं सांगा (अनुभव धागा)

ओटीवरची
काल दिवेआगरहून आत्याचा फोटो आला. वादळानंतर लावलेल्या पोफळींना सुपारी धरलीय. खाली लिहिलेलं, "धरली बाई एकदाची." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून धागा काढतेय.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात काय झालं ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. नंतरचं कोणी दाखवलं नाही. वाडीत झाडं अशी आडवीतिडवी पडलेली की विहिरीपर्यंत जायला वाट नाही. पोफळ माडाच्या सावलीत वाढणारी. माड गेले, आणि ज्या पोफळी उभ्या राहिल्या त्या पुढच्या उन्हाळ्यात उन्हाने होरपळल्या. वादळ एका दुपारचं, नुकसान हप्त्याहप्त्याने. सरकारी मदत आधी हेक्टरी होती, आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत! मग झाडामागे द्यायचं ठरलं, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. पन्नास रुपयांत पडलेली पोफळ तोडून बाहेर काढायला कोण येणार? शेवटी आळीने पाळ्या लावल्या, आज यांची वाडी, उद्या त्यांची. काका म्हणायचे, "आता लावून सुपारी खायला मी असणाराय का?" आणि रोपं आणायला सगळ्यात आधी तेच गेले.

तुमच्याकडचं लिहा. चिपळूण, महाड, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, काहीही चालेल.

दापोलीचा_दाद्या
लाईट!! तिची वाट बघण्यात अख्खा पाऊस सुरू झाला. एक जण पिकअपवर जनरेटर टाकून वाडीवाडीत फिरायचा. पंप लावून टाकी भरून द्यायचा, तेवढ्यात सगळी वाडी मोबाईल चार्जिंगला लावून मोकळी. रेंज नव्हतीच. चार्ज करून करायचं काय, तर टॉर्च 😄

मीनल_पेठमाप
चिपळूण, २२ जुलै २०२१. पाण्याचं नाही लिहीत, गाळाचं लिहिते. पाणी ओसरल्यावर घरात गुडघ्याएवढा चिखल, वाळायच्या आत काढला नाही तर सिमेंट होतं त्याचं. आणि धुवायला पाणी नाही! एवढा पूर येऊन गेल्यावर पाणी नाही, हे बाहेरच्यांना पटतच नाही. बाजारपेठेत तर दुकानांचा माल रस्त्यावर ढीग करून टाकलेला. वाचनालयाची पुस्तकं भिजून गेली ते मला फ्रिज गेल्यापेक्षा जास्त लागलं, खरं सांगते.

मग घाटावरून पोरं आली, फावडी-घमेली घेऊन. जेवण पण स्वतःचं आणलेलं. त्यातल्या एकाने सासूबाईंचं शिलाई मशीन खोलून रॉकेलने धुऊन दिलं. दुकान सुरू होईपर्यंत त्या मशीनवर घर चाललं. अजून चालतंय, खडखडतं जरा.

पंचगंगाकाठ
आम्हीपण आलतो की चिपळूणला! आमचंही पाणी त्याच आठवड्यात चढलेलं, ते उतरलं आणि घाट सुरू झाला तसे निघालो. २०१९ ला आमच्या घरात कुठनं कुठनं लोक येऊन राबली होती. गाळ कसा उपसायचा ते आम्हाला शिकवायला नको. मशीनवाला मी नव्हे हां, मी भोगाळ्यात होतो.

मीनल_पेठमाप
@पंचगंगाकाठ अगं बाई! भोगाळ्यात आमची मावशी. परत या, यावेळी जेवायला.

बॅटरी_लो
पण मुळात कोयनेचं अवजल (वीज बनवून झाल्यावरचं पाणी) सोडलं म्हणूनच

मीनल_पेठमाप
दादा, त्यावर वेगळा धागा काढा, पाचशे प्रतिसाद पडतील 😀 डोंगरातला पाऊस, भरती, गाळाने भरलेली वाशिष्ठी, सगळं एकदम आलं. पण डिसेंबरात चिपळूण बचाव समितीचं साखळी उपोषण झालं आणि नदीतला गाळ निघायला लागला. तेवढं गावाने भांडून घेतलं.

टोरांटोकर
निसर्गच्या वेळी आईबाबा हर्णैजवळ मुरुडला. फोन मेलेला. कुणीतरी रेंजमध्ये येऊन गावाच्या ग्रुपवर घरांची यादी टाकली. "सुखरूप, गोठा पडला." "सुखरूप, कौलं गेली." आमच्या घरापुढे लिहिलेलं, "सुखरूप, चहा पाजला." डोक्यावर छप्पर नाही आणि चहा पाजतायत! ऑफिसात बसून हसलो आणि मग रडलो.

कौलारू
कौलं मिळेनात तेव्हा. सगळी आळी पत्र्यांवर गेली. एप्रिलात आत बसून बघा.

दापोलीचा_दाद्या
पावसात पत्र्याखाली बायको काय बोलते ते ऐकू येत नाही. फायदे पण बघा जरा.

महाडची_लेक
तळीयेच्या दरडीचं लिहायला घेतलेलं, पुसलं. ऐंशीच्या वर माणसं गेली तिथे. वाचलेली माणसं आधी कंटेनरात राहिली, घरं व्हायला वेळ लागला. ओळखीची एक ताई आहे तिकडची. नवीन घर बघून तिने पहिलं विचारलं, गुरं कुठे बांधायची?

ओटीवरची
नको लिहूस गं. 🙏

टोरांटोकर
🙏

देवगडकार
आमका तौक्ते वादळ. मे २०२१. शेवटचो हापूस सगळो खाली, वर लॉकडाऊन, मुंबैक धाडतलंस कसो? आवशीन म्हटल्यान साठां (आंबापोळी) घालूया. पावसात ऊन खंय? मगे सगळ्यांनी मिळान लोणचा घातला. एक बरणी आजून आसा.

ओटीवरची
इतक्या वर्षांचं? चांगलं आहे?

देवगडकार
मीठ बरोबर असला तर काय होना नाय. काळा झाला हा फक्त.

पंचगंगाकाठ
चिपळूणला जेवायला जाताना देवगडवरनं गेलं तर लांब पडंल काय? विचारतोय आपलं.

कौलारू
कुणाकडे जुनी मंगलोरी कौलं पडून असतील तर सांगा. पडवीपुरती हवीत, स्वतः येऊन नेईन.

दापोलीचा_दाद्या
@कौलारू शेजाऱ्यांकडे आहेत, विटेच्या चुलीमागे रचून ठेवलीत. फुटकी बाजूला काढून मोजतो आणि निरोप टाकतो. कोने (आढ्यावरची कौलं) नाहीत पण, ते दुसरीकडे बघ.