मदत हवी आहे: जुना रोल-प्लेइंग गेम, बारीक अक्षरं

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. पावसात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की संध्याकाळी जरा सवड मिळते, म्हणून यंदा जुने रोल-प्लेइंग गेम पुन्हा खेळायला घेतलेत. १९९७ चा फॉलआउट व्यवस्थित चालतोय. त्यात पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची वॉटर चिप शोधायला मिळणारे ते १५० दिवस अजूनही धडधड वाढवतात!

अडलंय ते १९९९ च्या प्लेनस्केप: टॉरमेंटवर. मूळ गेम ६४० बाय ४८० पिक्सेलचा. लॅपटॉपवर ताणला तर चित्र फुटतं, वाइडस्क्रीन मॉड (चाहत्यांनी बनवलेली, गेममध्ये बदल करणारी फाइल) टाकला तर अक्षरं मुंगीएवढी. आणि या गेमचा जीवच संवादांत आहे. नायक शवागारातल्या लादीवर जागा होतो, एक तरंगती कवटी त्याच्याशी बोलू लागते... ‘काय जुनाट ग्राफिक्स’ म्हणणारा माझा भाचा तिथेच वाचत बसला. त्याला पुढचंही डोळे न ताणता वाचता यावं, एवढंच हवंय.

याच गेमची २०१७ ची एन्हान्स्ड एडिशन (सुधारित आवृत्ती) घेऊ का? त्यात अक्षरं पुरेशी मोठी होतात का? वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, चालेल ना? आमच्याकडे पावसात नेट सारखं जातं, त्यामुळे गॉग या गेम विकणाऱ्या साइटवरून इन्स्टॉलर एकदाच उतरवून ठेवायचा विचार आहे. मूळ आवृत्तीतच फॉन्ट मोठा करणारा मॉड कोणी वापरला असेल तर तोही सांगा, प्लीज.