कमर्शियल बिल्डिंगमध्ये सायकल पार्किंग: किती, कुठे आणि कसले स्टँड?

नकाशावाली

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसकडे एका पाच मजली कमर्शियल बिल्डिंगचं काम आलंय, तळाला दुकानं आणि वरचे चार मजले ऑफिसं. पूर्ण भरली की रोज साधारण ४०० माणसं कामाला असतील, आणि गर्दीच्या वेळी बाहेरून येणारे शंभरेक. क्लायंटला सायकल पार्किंग मनापासून हवंय, नुसतं मंजुरीपुरतं नाही. पण सध्याच्या ड्रॉइंगमध्ये ते बेसमेंटच्या मागच्या कोपऱ्यात, पंप रूमच्या शेजारी, जिथे गाडी बसत नाही अशा तिरक्या तुकड्यात ढकललंय आणि तिथे एक नागमोडी पाइपचा रॅक दाखवलाय ज्याच्यापुढे कॅटलॉगमध्ये "१० सायकली" असं लिहिलंय.

मला हे अजिबात पटत नाहीये, पण मीटिंगमध्ये नुसतं पटत नाही म्हणून भागत नाही, आकडे लागतात. तर किती सायकली धरायच्या, स्टँड कसले, दोन स्टँडमध्ये अंतर किती, आणि बेसमेंट की तळमजला? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय किंवा जे रोज असं पार्किंग वापरतात त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

टी_स्क्वेअर

आधी तो नागमोडी रॅक ड्रॉइंगमधून काढा, बाकीचं मग बघू. त्यात सायकलला एकाच ठिकाणी आधार मिळतो, त्यामुळे हँडल वळलं की सायकल कलंडते. वर कॅटलॉगमधला आकडा प्रत्येक वळणात एक सायकल धरून काढलेला असतो, आणि वळणं इतकी जवळ असतात की साधारण ६० ते ६५ सेंमीची दोन हँडलं शेजारीशेजारी मावतच नाहीत, एकाचा ब्रेक दुसऱ्याच्या केबलमध्ये अडकतो. मग लोक एक आड एक लावतात, आणि एखादा सरळ रॅकला समांतर आडवी टेकवून जातो की संपलंच. फक्त पुढचं चाक धरणारे जे छोटे खाचेचे रॅक असतात तेही नको, सायकल बाजूला पडली की रिम वाकते आणि फ्रेमला कुलूप लावायला जागाच नसते.

साधा उलट्या यू आकाराचा स्टँड घ्या, ज्याला शेफील्ड स्टँड म्हणतात. उंची ७५ ते ८० सेंमी, लांबी ७५ सेंमी ते १ मीटर, दोन्ही बाजूंना एकेक म्हणजे एका स्टँडवर दोन सायकली. फ्रेम दोन ठिकाणी टेकते, आणि कुलूप फ्रेम, चाक नि स्टँड तिन्हींतून जातं. दोन स्टँडमध्ये १ मीटर अंतर ठेवा, फारच ओढाताण असेल तर ९० सेंमी, त्याखाली मुळीच जाऊ नका. सायकलची लांबी १.८ मीटर धरा. मधली वाट १.२ मीटर हे किमान, पण समोरून दुसरा माणूस सायकल घेऊन येतोय असं डोळ्यासमोर आणलंत तर १.५ ते १.८ लागते.

आता क्लायंटला पटेल असा हिशेब. एक कारची जागा म्हणजे २.५ बाय ५ मीटर. सगळे सांगतात की एका कारच्या जागेत १० सायकली बसतात, पण दोन गाड्यांच्या मधल्या एकट्या जागेत ते जमत नाही, कारण रुंदीतले १.८ मीटर सायकलने घेतले की वाटेला जेमतेम ७० सेंमी उरतात. शेजारशेजारच्या दोन जागा एकत्र घ्या, मग ५ बाय ५ चा चौकोन मिळतो. दोन्ही कडांना सायकलींची एकेक रांग, मध्ये १.४ मीटर वाट. प्रत्येक रांगेत पाच स्टँड म्हणजे कागदावर २०, पण मागे भिंत असेल तर तिथलं अंतर सोडून चार-चार धरा, १६ तर कुठेच गेल्या नाहीत. दोन गाड्यांच्या बदल्यात १६ माणसं, हे मीटिंगमध्ये लगेच समजतं.

संख्येचं म्हणाल तर सगळ्यात आधी तुमच्या तिथली नियमावली, ती जे सांगेल ते किमान. त्याच्यापुढे ताडून बघायला लीड (पर्यावरणपूरक इमारतींना मानांकन देणारी पद्धत) च्या चौथ्या आवृत्तीचा हिशेब सोपा आहे: रोज येणाऱ्यांच्या ५ टक्के मुक्कामी, म्हणजे दिवसभर सायकल ठेवायचं पार्किंग, गर्दीच्या वेळच्या पाहुण्यांच्या २.५ टक्के तात्पुरतं, आणि दोन्हीकडे कमीत कमी चार. म्हणजे तुमच्याकडे ४०० चे २०, आणि शंभरचे अडीच येतात म्हणून चार. मी स्वतः २० वर थांबणार नाही. स्टँड आज २० सायकलींचे बसवा, पण शेजारी तेवढीच मोकळी जागा नकाशावर नाव घालून राखून ठेवा, नाहीतर पहिल्याच वर्षी तिथे जनरेटरचं काहीतरी येऊन बसतं.

रोजची_सायकल

मी वापरणारा माणूस आहे, ड्रॉइंगमधलं फार कळत नाही, पण एक सांगतो, संख्येपेक्षा जागा महत्त्वाची. पार्किंग दाराजवळ नसेल तर लोक दाराजवळच्या रेलिंगला, झाडाला, बोर्डाच्या खांबाला सायकल बांधतात आणि मग सोसायटी तिथे "सायकल लावू नये" ची पाटी लावते आणि आतलं पार्किंग रिकामंच राहतं. पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी आलेला माणूस बेसमेंटमध्ये उतरणारच नाही, त्यामुळे दुकानांत येणाऱ्यांचे स्टँड वर, मेन एंट्रन्सपासून १५ मीटरच्या आत, आणि आतून दिसतील असे. दिसणं हे फार मोठं कुलूप आहे.

बेसमेंटमध्ये ठेवायचंच असेल तर कृपया एकदा स्वतः सायकल घेऊन त्या रॅम्पवरून जाऊन बघा. गाड्यांचा रॅम्प बऱ्याचदा आठास एक, म्हणजे आठ मीटरला एक मीटर उतार असा असतो, उतरताना ब्रेक दाबून दाबून उतरायचं आणि संध्याकाळी थकलेल्या पायांनी ढकलत चढायचं, मागून गाडी हॉर्न देतेय. रॅम्पच्या तळाशी पाणी जायला जी आडवी जाळी असते तिच्या फटी जर चाकाच्या दिशेने असतील तर बारीक टायर थेट आत जातो, आणि हे पावसात, ओल्या लोखंडावर, उतारावरून येताना होतं. फटी आडव्या ठेवायला जास्तीचं काहीच लागत नाही, फक्त ड्रॉइंग करणाऱ्याला हे माहीत हवं. तसंच तो बूम बॅरिअर, म्हणजे गेटवरचा वर-खाली होणारा दांडा, सेन्सरला बऱ्याचदा सायकल दिसतच नाही, मग एक पाय टेकवून वाट बघा नाहीतर खालून वाका. बाजूने दीड मीटरची वेगळी वाट सोडली तर हा सगळा प्रश्नच मिटतो.

आणि दिवे. उशिरा सुटणाऱ्या बायकांनी तो पंप रूमजवळचा कोपरा एकदा बघितला की दुसऱ्यांदा सायकल आणणार नाहीत. हे मी माझ्या ऑफिसात बघितलंय.

जागा_वाचवा

यू स्टँड चांगले, मान्य, पण जागा खूप खातात. भिंतीवर हुक लावून सायकली उभ्या टांगल्या तर तेवढ्याच भिंतीवर जास्त बसतात, एकमेकींच्या उंचीत थोडा फरक ठेवला की हँडलंही अडत नाहीत. नाहीतर दुमजली रॅक. ४०० माणसांच्या बिल्डिंगला यू स्टँड पुरणार कसे?

टी_स्क्वेअर

@जागा_वाचवा, दोन्ही वापरता येतात, पण सगळ्यांसाठी नाही. हुकवर टांगायची म्हणजे सायकल मागच्या चाकावर उभी करून पुढचं चाक डोक्याच्या वर न्यायचं. साधी सायकल १२ ते १५ किलोची, धडधाकट माणसाला जमतं. ई-बाइक २० ते २५ किलोची, मागे बाळाची सीट किंवा पुढे बास्केट असेल तर विसराच. ज्याचा खांदा दुखतो, जी बाई गरोदर आहे, ज्याचं वय साठीला आलंय, त्यांना आपण दारातूनच परत पाठवतो.

दुमजली रॅकमध्ये वरचा ट्रे बाहेर सरकून खाली येतो, त्याला गॅसचा दांडा असलेलाच घ्या म्हणजे उचलायला हातभार लागतो. पण त्याला छत साधारण २.७ मीटर तरी हवं आणि समोर २.५ मीटरच्या आसपास वाट हवी. ही उंची स्लॅबपर्यंतची नाही, स्प्रिंकलरचे पाइप नि डक्ट यांच्या खालची मोजा, बेसमेंटमध्ये इथेच सगळं अडतं. माझं मत असं की निम्म्याहून जास्त जागा जमिनीवरच असाव्यात, आणि उरलेल्यांसाठी दुमजली चालेल. शिवाय एका टोकाला दोन-तीन मोठ्या जागा ठेवा, सामान वाहायची कार्गो बाइक २.५ मीटर लांब नि जवळपास मीटरभर रुंद असते, तीनचाकीवाल्यांनाही तीच लागते. ब्रिटनच्या २०२० च्या सायकल डिझाइनच्या सरकारी मार्गदर्शिकेत अशा वेगळ्या सायकलींसाठी सुमारे ५ टक्के जागा ठेवा असं म्हटलंय.

फॅसिलिटीवाला

बिल्डिंग चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण तुम्ही लोक हँडओव्हर करून जाता आणि पुढची वर्षं आम्ही काढतो.

मुक्कामी पार्किंगला कुलपाची खोली करा, कार्डने उघडणारी, ज्या कार्डने ऑफिस उघडतं त्याच कार्डने. दार १.२ मीटर रुंद आणि आपोआप उघडणारं, निदान उघडं अडकून राहणारं तरी. जड फायर डोअर एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्या हातात सायकल, तोवर पेडल दाराच्या पानाला घासत जातं, सहा महिन्यांत दाराची काय दशा होते ते आम्हाला विचारा. एका भिंतीला जाळी किंवा काच ठेवा, बंद डबा करू नका.

ई-बाइकच्या चार्जिंगचा विचार आत्ताच करा. तुम्ही सॉकेट दिले नाहीत तर लोक बॅटरी काढून टेबलाखाली चार्ज करतात, एक्स्टेन्शन बोर्ड लावून, ते जास्त धोक्याचं. लिथियम बॅटरी पेटली की फार झपाट्याने भडकते आणि विझवली तरी पुन्हा पेटू शकते, त्यामुळे चार्जिंगची जागा जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर अजिबात नको. स्मोक डिटेक्टर, वेगळं सर्किट, आणि फायर कन्सल्टंटला प्लॅन दाखवून सही. चार्जर कंपनीचाच वापरायचा हा नियम पाटीवर लिहा.

दुसरं, बेवारस सायकली. नोकरी सोडून गेलेल्यांच्या पंक्चर सायकली हळूहळू चांगल्या जागा अडवतात आणि पार्किंग भरल्यासारखं दिसतं. आम्ही हँडलला तारखेचा टॅग बांधतो, महिनाभर कोणी तो काढला नाही की फोटो काढून सायकल स्टोअरमध्ये नेतो आणि रजिस्टरला नोंद करतो. हा नियम पहिल्या दिवसापासून भिंतीवर असला की भांडणं होत नाहीत.

शॉवरबद्दल कोणीच लिहिलं नाही. लीडच्या त्याच चौथ्या आवृत्तीत पहिल्या १०० माणसांना एक आणि पुढे दर १५० ला एक आहे, म्हणजे ४०० ला तीन. लॉकर मात्र हवेशीर द्या, ओला टॉवेल बंद पत्र्यात दिवसभर राहिला की दुसऱ्या दिवशी तिथे कोणी फिरकत नाही. हवा भरायचा उभा पंप साखळीने बांधून ठेवा, इतक्या छोट्या गोष्टीसाठी लोक मनापासून आभार मानतात.

नकाशावाली

सगळ्यांचे खूप खूप आभार. आज रात्री नवीन स्केच करून बघितलं. बेसमेंटचा कोपरा सोडला. तळमजल्यावर लिफ्ट लॉबीच्या मागे दोन कारच्या जागा शेजारीशेजारी मिळतायत, बाहेरून सपाट येता येतं, तिथे कुलपाची खोली १६ ची, आणि पुढच्या वाढीसाठी लागूनची तिसरी जागा राखून ठेवतेय. वीसमधल्या उरलेल्या चार जागा दोन मोठ्या सायकलींच्या जागांसकट रस्त्याकडच्या बाजूला छपराखाली, आणि पाहुण्यांसाठी चार यू स्टँड म्हणजे आठ सायकली मेन दारापासून १० मीटरवर, सिक्युरिटीच्या टेबलावरून सरळ दिसतील असे. एकच अडचण, बाहेरचे हे स्टँड जिथे येतायत तिथे खाली बेसमेंट आहे, म्हणजे स्लॅबवर वॉटरप्रूफिंग. बोल्ट मारू का?

टी_स्क्वेअर

मारू नका! प्रत्येक बोल्ट म्हणजे खालच्या गाडीवर ठिबकणारं पाणी. दोन पर्याय आहेत. एक, फिनिशचा थर पडायच्या आधीच त्या जागी वॉटरप्रूफिंगच्या वर काँक्रीटचा उंचवटा करून घ्या आणि बोल्ट त्याच्या जाडीतच संपतील एवढ्याच लांबीचे वापरा, यासाठी स्ट्रक्चरवाल्याला आजच फोन करा. दोन, चारही स्टँड खाली दोन जाड पट्ट्यांना वेल्ड करून एकच सांगाडा बनवा, तो स्वतःच्या वजनाने बसतो आणि एखाद-दोन टोकांनाच बांधावा लागतो, तेही कडेच्या कर्बला. पट्टी जमिनीपासून वर आली तर ठेच लागते म्हणून ती फरशीच्या जाडीत बुडेल असं बघा. नट साध्या पान्याने निघणार नाहीत असे घ्या, आणि पाइप गॅल्व्हनाइज्ड, नुसता रंग कुलपाच्या घासण्याने महिनाभरात जातो.

ती खोली मात्र एकदा १:५० च्या स्केलमध्ये काढा आणि प्रत्येक सायकल हँडलसकट काढा, नुसत्या रेषा नकोत. दाराचं पान उघडल्यावर पहिल्या स्टँडच्या सायकलला लागतंय का तेवढं बघा, स्केच इथे टाकलंत तर मीही बघतो.